पाच अक्षरी, शेवटी टी

सकाळच्या लोकलमध्ये "शेवटचं काय?" असा प्रश्न कानावर आला तर घाबरू नये. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात घरात कुणीही आजारी नसताना हा प्रश्न सहज विचारला जातो. उत्तर येतं, "टी." विचारणारा म्हणतो, "हिरवा?" "हिरवा." मग दोघेही खिडकीबाहेर बघत गप्प होतात. कोपर जातं, दिवा जातं, आणि मुंब्र्याच्या डोंगराकडे बघता बघता त्यांतला एक जण एकदम ओरडतो, "टाईट!" आजूबाजूच्यांना वाटतं, हा गर्दीबद्दल बोलतोय. तेही "अहो, रोजचंच आहे" म्हणून दुजोरा देतात.

हा सगळा वर्डलचा प्रताप. ज्यांना अजून हा ताप चढलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा. दिवसाला एकच आणि सगळ्या जगाला तोच. संधी सहा. अक्षर योग्य जागी बसलं तर चौकोन हिरवा होतो, अक्षर शब्दात असेल पण जागा चुकली असेल तर पिवळा, आणि अक्षर शब्दात नसेलच तर करडा. परदेशात या रंगांचा अर्थ लोकांना समजावून द्यावा लागला म्हणतात. डोंबिवलीकराला ती गरज पडली नाही. हिरवा म्हणजे विंडो मिळाली. पिवळा म्हणजे गाडीत शिरलो, पण जागा नाही. करडा म्हणजे गाडी गेली आणि आपण फलाटावरच.

खेळ तयार केला जॉश वॉर्डल नावाच्या गृहस्थांनी. जन्म वेल्सचा, मुक्काम ब्रुकलिनला, व्यवसाय सॉफ्टवेअरचा. सहचारिणीला शब्दांचे खेळ आवडतात म्हणून त्यांनी हा खेळ घरच्या घरी बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार. त्यांतले ओळखीचे तेवढे ठेवायचं काम सहचारिणीनेच केलं आणि यादी अडीच हजारांच्या आसपास आणली. त्यांचं नाव पलक शाह. हे नाव ऐकताच आमच्या डब्यातल्या विंडोवाल्या काकांनी "म्हणजे मुलुंडच्या" असा निकाल देऊन टाकला. पुरावा कुणी मागितला नाही. महिला डब्यात मात्र या कहाणीचा परिणाम वेगळा झाला. मेथी निवडता निवडता एक वहिनी म्हणाल्या, "त्याने तिच्यासाठी अख्खा खेळ केला. आमच्याकडे येताना कोथिंबीर आणा म्हटलं तर फोन करून विचारतात, किती?"

१ नोव्हेंबर २०२१ रोजी हा खेळ ९० माणसं खेळत होती. दोन महिन्यांत तो आकडा तीन लाखांवर गेला. ३१ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतल्याचं जाहीर झालं, किंमत डॉलरमध्ये सात आकडी. याच वर्तमानपत्राने १९२४ साली अग्रलेख लिहून शब्दकोड्यांना पापी कालापव्यय ठरवलं होतं, आणि १९४२ मध्ये मुकाट्याने स्वतःचं शब्दकोडं सुरू केलं. सोसायटीच्या मिटिंगमध्ये ज्या विषयाला आपण कडाडून विरोध करतो त्याच विषयाच्या समितीवर पुढच्या वर्षी आपली वर्णी लागते, तसलाच प्रकार.

आता मूळ मुद्दा शेवटच्या अक्षराचा. वर्डल खेळणाऱ्या माणसाला पाचांपैकी कुठलं अक्षर आधी हवं असं विचारलं तर तो शेवटचं मागतो. शेवट कळला की शब्द खिशात आला, असं त्याला वाटतं. यात आपल्या रेल्वेच्या शिकवणीचा मोठा हात आहे. मध्य रेल्वेच्या फलाटावरचा इंडिकेटर हा जगातला सर्वांत जुना अक्षरांचा खेळ मानायला हरकत नाही. के म्हणजे कल्याण आणि टी म्हणजे ठाणे, इथपर्यंत सरळ आहे. पण एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. कसारा या नावात एन शोधून सापडत नाही. कर्जतमध्ये एस नाही. कारण काय, तर एक उत्तरपूर्वेची बाजू आणि एक दक्षिणपूर्वेची. नवा माणूस एस बघून स्लो समजतो आणि कर्जतच्या गाडीत चढतो. त्याच पाटीवर शेवटी आणखी एक अक्षर असतं, एफ किंवा एस. तो एस मात्र खरोखरच स्लोचा. म्हणजे पाटीवर पहिलं अक्षर गाव सांगतं आणि शेवटचं अक्षर नशीब. असं रोज वाचून वाढलेल्या माणसाची नजर शब्दाच्या शेपटावर आधी गेली तर नवल नाही.

शिवाय लहानपणच्या भेंड्या आहेतच. गाण्यांच्या नव्हे, गावांच्या. एकाने गावाचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होणारं गाव सांगायचं. या खेळात ठाणेकर आणि कल्याणकर जन्मतःच जिंकलेले. "ठाणे" म्हटलं की समोरच्यावर ण. "कल्याण" म्हटलं, पुन्हा ण. ण वरून सुरू होणारं गाव महाराष्ट्राच्या नकाशात कुणी दाखवावं. डोंबिवलीकराच्या वाट्याला मात्र ल. समोरचा हसतहसत "लोणावळा" म्हणतो आणि ळ परत डोंबिवलीच्याच अंगावर येतो. मग "ण चा न चालेल का, ळ चा ल चालेल का" यावर वाद, आणि वाद मिटवायला आलेली आजी ण आणि न यांतला फरक समजावून सांगायला बसली की खेळ संपला. नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ साली डोंबिवलीत भरलं. तरी या बाबतीत कुठलाही ठराव झाला नाही.

इंग्रजी स्पेलिंगवर आलं की आमच्या मार्गाचं चित्र बदलतं. पाच अक्षरी स्टेशनं मोजायला घ्या. परळ, दादर, कुर्ला, नाहूर, ठाणे, कळवा, कोपर, पुढे नेरळ, शेलू. त्यांतली आर ने संपणारी तीन: दादर, नाहूर, कोपर. पैकी दादरला आणि कोपरला माणसं गाडी बदलतात. नाहूरला गाडी बदलायला कुणी उतरल्याचं ऐकिवात नाही, पण आर मुळे त्याचंही नाव या प्रतिष्ठित यादीत आलं. एल ने संपणारी परळ आणि नेरळ. एकाच्या शेजारी गिरण्यांची चिमणी, दुसऱ्याच्या शेजारी माथेरानचा डोंगर. शेवटचं अक्षर सोडलं तर दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

सर्वांत देखणी जोडी मात्र आमच्या अंगणातली. डोंबिवली आणि ठाकुर्ली. रेल्वेच्या स्पेलिंगप्रमाणे दोन्ही आठ अक्षरी, दोन्हींच्या शेवटी आय, त्याच्या आधी दोन्हींत एल, आणि दोन्ही स्टेशनं एकमेकांना खेटून. इतकं जुळून आलेलं स्थळ पत्रिकेतसुद्धा सापडत नाही. फक्त डोंबिवलीच्या स्पेलिंगची लांबी पक्की नाही. रेल्वेच्या फलकावर आठ अक्षरं. दुकानांच्या पाट्यांवर मध्ये एक ए घालून नऊ. लग्नपत्रिकेत छापणाऱ्याचा हात सढळ असेल तर दोन एल घालून दहा. गावात नव्या इमारती झाल्या, पूल झाले, फडके रोडवरची दिवाळीची गर्दी वाढली, तसं स्पेलिंगही वाढत गेलं असावं. शेवटचा आय तेवढा कुणी हलवलेला नाही.

ठाण्याची गोष्ट आणखी न्यारी. इंग्रजांच्या दफ्तरी या गावाचं स्पेलिंग ए ने संपायचं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८२ सालचा जिल्ह्याचा खंड त्याच स्पेलिंगचा. त्या काळी ठाणे, कळवा, कुर्ला ही तिन्ही गावं पाच अक्षरी आणि तिघांच्याही शेवटी ए, असा सुखाचा संसार होता. पुढे ठाण्याने ई लावला आणि तो कंपू सोडला. रेल्वेचा कोड मात्र अजून टीएनए. माणूस नवं आडनाव लावतो, पण रेशनकार्डावर जुनंच राहतं, त्यातली गत. बरं, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा ती ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. तिन्हींचं पहिलं अक्षर एस. साहेबाने सुरुवात जुळवून दिली. शेवट जुळवत बसायचं काम एतद्देशीयांवर सोडलं.

ई लावल्याचा ठाण्याला एक फायदा झाला. ते गाव थेट इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलं. उच्चार थेन, अर्थ जुन्या स्कॉटलंडमधला सरदार. शेक्सपिअरचा मॅकबेथ आधी ग्लॅमिसचा थेन असतो. मग कॉडॉरचाही होतो. दोन थेन मिळूनही त्याचं समाधान होत नाही, म्हणून राजाचा खून आणि पुढची सगळी शोकांतिका. घोडबंदर रोडला वन बीएचके असताना टू बीएचके बुक करणाऱ्यांनी हे नाटक अवश्य वाचावं.

वर्डलच्या मूळ यादीत ई ने संपणारी उत्तरं सर्वांत जास्त, त्याखालोखाल वाय ने संपणारी. त्यामुळे शेवटी ई हिरवा झाला म्हणून फार हुरळून जायचं नसतं. ई वाल्यांची वस्ती दाट आहे. पण घर शोधणाऱ्या ठाणेकराला त्यातले शब्द बरोबर सुचतात. हाऊस, पाच अक्षरी, शेवटी ई. प्राइस, पाच अक्षरी, शेवटी ई. रुपी, तेच. क्रोर, तेच, हा शब्द तर आपणच इंग्रजीला दिलेला. आणि ठाणे. हे पाच शब्द एकाच वर्गात का आहेत हे बिल्डरच्या ऑफिसात चहा पिऊन बाहेर पडलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तो तिथून निघतो, दिवा ओलांडतो आणि आय ने संपणाऱ्या गावात घर घेतो.

एस बद्दल एक सावधगिरीची सूचना. नवशिके खेळाडू पाचवं अक्षर सुचलं नाही की चार अक्षरी नामाला एस लावून अनेकवचन करतात. खेळ तो शब्द स्वीकारतो, पण उत्तर म्हणून असलं साधं अनेकवचन द्यायचं नाही, असं संपादकांचं धोरण २०२२ मध्येच जाहीर झालं. म्हणजे "सीट्स" हा शब्द तुम्ही खुशाल घाला. उत्तर "सीट्स" येणार नाही. हे वाचून आमच्या डब्यात कुणालाही धक्का बसला नाही.

आता सर्वांत धोकादायक शेवट, टी. त्याच्या आधी आय, जी आणि एच असे तिघे ओळीने हिरवे झाले की माणसाला वाटतं, जिंकलो. फक्त पहिलं अक्षर राहिलं! आणि तिथेच तो फसतो. कारण या शेपटीचे नेहमीच्या ओळखीचे शब्द आठ आहेत: एट, फाईट, लाईट, माईट, नाईट, राईट, साईट, टाईट. सगळे पाच अक्षरी, सगळ्यांच्या शेवटी टी. शब्द आठ आणि संधी सहा. पहिल्या दोन तर चाचपडण्यातच गेलेल्या असतात. हे आठ शब्द म्हणजे आमच्या मार्गावरच्या नोकरदाराचं अख्खं चरित्र आहे. सकाळी एट वाजताची गाडी. ती टाईट. चौथ्या सीटवरून फाईट. गाडी वेळेवर असेलच असं नाही, माईट. डावीकडचा म्हणतो स्लो घ्या, राईटचा म्हणतो फास्ट घ्या. फास्टमध्ये शिरल्यावर दार साईटलाही पडत नाही. परतताना नाईट. घरी पोचावं तर लाईट नाही. या सगळ्यात जी आणि एच हे दोघे आठही शब्दांतून विनातिकीट फिरत असतात. काम काही करत नाहीत, उच्चारात कुठे दिसत नाहीत, पण जागा अडवून बसलेले. आजवर कुठल्या टीसीने त्यांना हटकलेलं नाही.

या सापळ्यात अडकलेल्यांचे डब्यात तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार हट्टी. तो नाईट घालतो, मग लाईट, मग राईट, मग फाईट. प्रत्येक वेळी चार हिरवे आणि पुढचा एक करडा. ठाण्याला उतरेपर्यंत त्याचा चेहराही पहिल्या चौकोनाच्या रंगाचा होतो. दुसरा प्रकार संशयी. "एट" हा शब्द उच्चाराने इतरांशी जुळत नाही, म्हणून तो त्याच्या डोक्यातच येत नाही. अमेरिकेत बसून कुणीतरी मुद्दाम आपल्याविरुद्ध कट केला असं त्याचं ठाम मत असतं. तिसरा प्रकार निवृत्त शिक्षकांचा. शब्दकोड्यात त्यांची हयात गेलेली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. इथली वाचणारी आणि कोडी सोडवणारी मंडळी परंपरेने जबर. वाचनालयातल्या वर्तमानपत्रातलं कोडं पेनने भरून ठेवल्याबद्दल वाचक-वाचकांत अबोला धरला गेल्याची उदाहरणं आहेत. असे सर फोन नाकाशी धरून एक विचित्र शब्द घालतात: "फर्न्स".

हट्टी गटाला हसू येतं. शेवटी टी हिरवा आहे हे माहीत असताना एस ने संपणारा शब्द? आणि तोही अनेकवचनी? म्हणजे हा उत्तर असूच शकत नाही! सर शांतपणे सांगतात, "उत्तर म्हणून नाही घातला. फर्न्समध्ये एफ, ई, आर, एन, एस अशी पाच अक्षरं आहेत. आठांपैकी पाच शब्दांचं पहिलं अक्षर एका फटक्यात तपासून होतं. एफ हिरवा झाला तर फाईट. ई, आर, एन, एस यांपैकी कुठलंही पिवळं झालं तर एट, राईट, नाईट किंवा साईट. पाचही करडी आली तर लाईट, माईट, टाईट एवढे तीनच उरतात. आणि माझ्याकडे अजून तीन संधी आहेत." डब्यात शांतता. विंडोवाले काकासुद्धा फोनमधून डोकं वर काढतात.

वास्तविक ही युक्ती डोंबिवलीला नवी नाही. सकाळी दादरला जायचं असलेला माणूस डोंबिवलीहून कल्याणची गाडी का पकडतो? घाई असताना उलट दिशेला का जातो? कारण मुक्काम त्याला पक्का ठाऊक आहे. मुक्कामाचं अक्षर कुणी हिरावून घेत नाही. गर्दी ढकलून का होईना, दादरला उतरवतेच. प्रश्न सुरुवातीचा आहे, चढण्याचा आणि बसण्याचा. म्हणून तो एक संधी जाणूनबुजून वाया घालवतो, मागे जातो, रिकामी होणारी गाडी धरतो आणि विंडोत बसून परत येतो. फलाटावर उभं राहून दर गाडीला "हीच, हीच" म्हणत धावणारा आठव्या गाडीपर्यंत धावतच राहतो. रोज उलटं जाणारा हाच डोंबिवलीकर गाडीत बसल्यावर नाईट, लाईट, राईट करत सरळ कडेलोट करून घेतो, हे मात्र अजब आहे. वर्डलमध्ये एक हार्ड मोड असतो, त्यात सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात, म्हणजे उलटं जायला बंदी. डोंबिवलीकराने त्याच्या नादी लागू नये. आपल्याला हार्ड मोड रेल्वेने दिलेला आहे.

तेव्हा निकाल असा की शेवटचं अक्षर जुळण्यात काही पुरुषार्थ नाही. डोंबिवलीचं ठाकुर्लीशी जुळतं, परळचं नेरळशी जुळतं, क्रोरचं ठाण्याशी जुळतं. त्याने ना जागा मिळते ना उत्तर. पहिलं अक्षर मिळवायला जो एक पाऊल मागे घेतो, त्याचं काम होतं.

वाचकांना दोनच विनंत्या. उलटं जाऊन बसून यायचं असेल तर पास कल्याणपासूनचा काढा, टीसी हार्ड मोडमध्येच असतात. आणि उत्तर सापडलं तर निदान संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. पहिल्या पाळीची माणसं तेव्हा झोपलेली असतात आणि दुसऱ्या पाळीची अजून चौथ्या प्रयत्नावर असतात.